पासवर्ड बरोबरच होता: सुरक्षा अपडेटनंतर चॅट सर्व्हरवरचं लॉगिन अडलं, त्याचं प्रकरण

आमचा अंतर्गत चॅट सर्व्हर एक्सएमपीपी या प्रोटोकॉलवर, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांवर, चालतो. १९९९ साली जॅबर या नावाने सुरू झालेला हा प्रोटोकॉल २००४ मध्ये प्रमाणित झाला, आणि २०११ च्या आरएफसी ६१२० ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) त्याचं आजचं रूप ठरवलं. क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याचं ॲप, ५२२२ या पोर्टवर येतो, जोडणीवर टीएलएस या एन्क्रिप्शनचं कवच चढतं, मग ओळख पटवली जाते आणि माणूस आत येतो. वर्षानुवर्षं हे इतकं बिनबोभाट चाललं होतं की त्या सर्व्हरकडे कुणाचं लक्षच जायचं नाही. एका गुरुवारी रात्री आम्ही त्याच्यावर सुरक्षा अपडेट चढवलं. शुक्रवारी सकाळी बहुतेक माणसं दाराबाहेर होती आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच वाक्य होतं: पासवर्ड चुकीचा आहे.

ते वाक्य खोटं होतं. ते खोटं का निघालं हे समजायला आम्हाला दुपारचे दोन वाजले. तोवर आम्हीच दिलेल्या सल्ल्याने प्रकरण दुप्पट गुंतलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रात्री काय बदललं

एकाच खिडकीत तीन गोष्टी उरकल्या, आणि ही पहिली चूक. ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन ९ वरून पुढे नेली. चॅट सर्व्हरची नवी आवृत्ती बसवली. शिवाय सुरक्षा तपासणीच्या यादीत बरेच दिवस पडून असलेला एक मुद्दा निकालात काढला: पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून काढलेले, उलटवता न येणारे ठसे) एसएचए-१ या जुन्या रीतीऐवजी एसएचए-२५६ ने साठवायचे. कॉन्फिगरेशन फाइलमधली ही एका ओळीची दुरुस्ती. त्या पर्यायाखाली दस्तऐवजात इशारा होता की आधीचे पासवर्ड वेगळ्या हॅशने साठवलेले असतील तर हा पर्याय बदलू नका. तो आमच्यापैकी कुणीही वाचला नव्हता.

चाचणी मात्र केली होती. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर एक नवं खातं उघडलं, त्यातून लॉगिन केलं, संदेश पाठवला, तो पोचला. सूचना पाठवणारे बॉट आपापले परत जोडले गेले. देखरेखीच्या फलकावर सगळं हिरवं होतं. आम्ही समाधानाने घरी गेलो. ते नवं खातं आणि ते बॉट, दोन्ही नेमके अशा जातीचे होते की त्यांना काही होणारच नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

सकाळ

पहिल्या तक्रारी आल्या तेव्हा हेल्पडेस्कने त्यांच्या रोजच्या अनुभवातलं उत्तर दिलं: पासवर्ड रीसेट करा. आणि ते चाललं! ज्याने रीसेट केला तो आत आला. त्यामुळे अर्ध्या तासात सगळ्यांना मेल गेला की लॉगिन होत नसेल तर पासवर्ड रीसेट करून घ्या.

या मेलचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे लोकांना वाटलं की कुणीतरी आत शिरलंय, पासवर्ड चोरीला गेलेत आणि आम्ही ते लपवतोय. काहींनी घाबरून इतर ठिकाणचे पासवर्डही बदलले. दुसरा परिणाम आणखी वाईट, पण तो दुपारी कळला.

साडेदहाच्या सुमाराला चित्र आणखी विस्कटलं. ज्यांनी रीसेट केला होता आणि जे व्यवस्थित आत होते, त्यांच्यातलेही काही बाहेर फेकले गेले. दहा-बारा मिनिटांनी आपोआप आत, पुन्हा बाहेर. काही जुन्या फोनवर नवा पासवर्ड टाकूनही जोडणीच होत नव्हती. या सगळ्यांमागे एकच कारण असणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. लोक सगळ्याला एकच नाव देत होते, ‘लॉगिन होत नाही’, आणि आम्हीही त्या नावाच्या मागे गेलो.

प्रत्यक्षात लॉगिन ही एक घटना नसते. टीसीपी जोडणी (साधी नेटवर्क जोडणी) होते, टीएलएसची बोलणी होते, सर्व्हर आपल्याला चालणाऱ्या ओळख-पद्धतींची यादी पाठवतो, क्लायंट त्यातली एक निवडतो, मग खरी पडताळणी. गाडी कुठल्या स्थानकावर थांबली ते आधी बघायचं. अकरा वाजता आम्ही तक्रारी माणसांनुसार न लावता या टप्प्यांनुसार लावल्या. तेव्हा एकाची तीन दुखणी झाली.

दोन दुखणी लवकर सुटली

बाहेर-आत होणारी माणसं टीसीपीच्या पातळीवरच अडत होती. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्यांची चुकीच्या पासवर्डची नोंद नव्हती. मुळात नोंदच नव्हती. हे फेलटूबॅनचं, म्हणजे लॉगिन वारंवार फसणारे पत्ते अडवणाऱ्या प्रोग्रामचं, काम होतं. त्याची मूळ मांडणी अशी असते की दहा मिनिटांत पाच फसलेले प्रयत्न झाले की तो पत्ता दहा मिनिटांसाठी बंद. आम्ही तेच आकडे ठेवले होते. पण अख्ख्या इमारतीची वाहतूक एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पडते, आणि चॅटचे क्लायंट लॉगिन फसलं की गप्प बसत नाहीत, स्वतःहून पुन्हा पुन्हा धडका देत राहतात. शेजारच्या टेबलावरचा फोन धडका देत होता आणि शिक्षा मजलाभर सगळ्यांना होत होती. कार्यालयाचा पत्ता वगळण्याच्या यादीत घातला आणि हा ताप थांबला. ‘रीसेट केल्यावर चालतं, पण कधीकधी नाही’ ही जी भूल पडली होती ती इथून आलेली होती.

जुने फोन टीएलएसच्या बोलणीत अडत होते. डेबियन १० पासून ओपनएसएसएलच्या (टीएलएस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मूळ कॉन्फिगरेशनमध्येच किमान टीएलएस १.२ आणि सुरक्षा पातळी २ असते. अँड्रॉइड ५.० च्या आधीच्या फोनांवर टीएलएस १.२ मुळात चालू केलेलं नसतं. टीएलएस १.० आणि १.१ तर मार्च २०२१ मधल्या आरएफसी ८९९६ ने अधिकृतपणे निवृत्त केलेत. सर्व्हरची पातळी खाली आणून त्यांना आत घेता आलं असतं, तसा आग्रहही झाला. आम्ही नाही म्हटलं. असे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते; त्यांना वेब क्लायंट दिला. चार जणांच्या सोयीसाठी सगळ्यांचं कुलूप ढिलं करणं मला आजही पटत नाही.

राहिला मोठा गट. टीसीपी नीट, टीएलएस नीट, आणि अगदी शेवटच्या पायरीवर नकार.

चुकीच्या दिशेने गेलेला दीड तास

सर्व्हरचं उत्तर होतं ‘नॉट-ऑथराइझ्ड’. एक्सएमपीपीमध्ये हे उत्तर मुद्दाम मोघम ठेवलेलं आहे. खातंच नाही की पासवर्ड चुकला, हे बाहेरच्याला कळू नये, नाहीतर कुणीही नावं टाकून कोणती खाती खरी आहेत ते शोधत बसेल. हेतू योग्यच आहे. पण क्लायंट बनवणारे त्या मोघम उत्तराचं भाषांतर सरळ ‘पासवर्ड चुकीचा’ असं करतात, आणि सर्व्हरने जे म्हटलेलंच नाही ते वापरणाऱ्याला ठामपणे सांगितलं जातं.

आमचा पहिला संशय चॅनल बाइंडिंगवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. स्क्रॅम ही पासवर्ड न पाठवता ओळख पटवण्याची पद्धत (ती कशी चालते ते पुढे येईल). तिच्या ‘प्लस’ प्रकारांत ओळख पटवताना खालच्या टीएलएस जोडणीची खूणही गुंफली जाते, म्हणजे मध्येच कुणी बसला असेल तर तो उघडा पडतो. जुनी खूण ‘टीएलएस-युनिक’ ही टीएलएस १.३ मध्ये लागूच होत नाही. तिच्या जागी ‘टीएलएस-एक्सपोर्टर’ आली ती थेट जुलै २०२२ मध्ये, आरएफसी ९२६६ ने. डेबियन ९ मधल्या ओपनएसएसएलला टीएलएस १.३ येत नव्हतं, नव्याला येतं. म्हणजे आमच्या सर्व्हरवर टीएलएस १.३ आदल्या रात्रीच पहिल्यांदा सुरू झालं होतं. क्लायंट एक खूण धरतो, सर्व्हर दुसरी, म्हणून नकार: गोष्ट जुळत होती. आम्ही ‘प्लस’ प्रकार बंद केले आणि वाट बघितली. नकार तसाच राहिला. टीएलएस १.३ तात्पुरतं बंद केलं. नकार तसाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एक माणूस, एक पासवर्ड, दोन ॲप

सुटका झाली ती एका सहकाऱ्याच्या तक्रारीमुळे, आणि ती तक्रार त्याने संकोचतच सांगितली. फोनवरच्या नव्याकोऱ्या ॲपमधून त्याला नकार मिळत होता, पण लॅपटॉपवरच्या, टर्मिनलमध्ये चालणाऱ्या जुनाट क्लायंटमधून तो सकाळपासून आरामात बोलत होता. पासवर्ड तोच. रीसेट त्याने केलाच नव्हता.

एकच पासवर्ड एका दाराने चालतो आणि दुसऱ्याने चालत नाही म्हटल्यावर पासवर्ड चुकीचा असूच शकत नाही. आम्ही लॉगची पातळी वाढवली, म्हणजे प्रत्येक प्रयत्नापुढे कोणती पद्धत वापरली ते दिसेल. (इथे एक काळजी. सगळ्यात बोलक्या पातळीवर सर्व्हर संपूर्ण संवाद फाइलमध्ये उतरवतो, आणि ‘प्लेन’ पद्धतीतला पासवर्ड त्यात फक्त बेस६४ मध्ये (कुणालाही उलटवता येणाऱ्या अक्षररूपात) गुंडाळलेला असतो, म्हणजे उघडाच. आम्ही ती पातळी पाच मिनिटं ठेवली, हवं ते पाहिलं आणि ती फाइल लगेच नष्ट केली.) फोन ‘स्क्रॅम-एसएचए-२५६’ ने येत होता. टर्मिनलवाला ‘प्लेन’ ने. आणि आदल्या रात्री फलक हिरवा ठेवणारे बॉट? तेही ‘प्लेन’ ने.

फरक समजण्यासाठी स्क्रॅम कसं चालतं ते थोडक्यात. २०१० च्या आरएफसी ५८०२ मध्ये ही पद्धत मांडली गेली. हिच्यात पासवर्ड सर्व्हरकडे जातच नाही. सर्व्हरकडे पासवर्डही नसतो. असतो सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळायची यादृच्छिक भर), आवर्तनांची संख्या (किमान ४०९६ असावी असं तो दस्तऐवज सांगतो) आणि पासवर्डला सॉल्टसकट इतक्या वेळा घुसळून काढलेल्या दोन किल्ल्या. लॉगिनच्या वेळी सर्व्हर सॉल्ट आणि आवर्तनं क्लायंटला सांगतो, क्लायंट आपल्या बाजूने तीच घुसळण करतो आणि ‘मला पासवर्ड माहीत आहे’ याचा पुरावा पाठवतो. पण पुरावा जुळायचा तर दोन्ही बाजूंची घुसळण एकाच हॅशने झालेली हवी. एसएचए-१ ने काढलेल्या किल्लीवरून एसएचए-२५६ ची किल्ली तयार होत नाही. मूळ पासवर्ड हाती आल्याशिवाय कुठलाही मार्ग नाही, आणि तो मार्ग नसावा यासाठीच तर ही सगळी रचना आहे.

‘प्लेन’ मध्ये टीएलएसच्या आतून पासवर्ड आहे तसा सर्व्हरकडे येतो. मग सर्व्हर त्या खात्याची नोंद उघडतो, ती ज्या हॅशची असेल त्याने स्वतःच घुसळतो आणि ताडून बघतो. नोंद जुनी असो की नवी, त्याला अडत नाही. म्हणून दुबळी पद्धत वापरणारे आत होते आणि बळकट पद्धत वापरणारे बाहेर.

डेटाबेसमध्ये तर हे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. एसएचए-१ ची किल्ली २० बाइटची, बेस६४ मध्ये २८ अक्षरं. एसएचए-२५६ ची ३२ बाइटची, ४४ अक्षरं. तक्ता उघडला तेव्हा जुन्या खात्यांपुढे आखूड ओळी होत्या आणि सकाळी रीसेट केलेल्यांपुढे लांब. आमच्या चाचणीच्या खात्यापुढेही लांबच, कारण ते बदलानंतर जन्मलं होतं. रात्री चाचणीसाठी एखादं जुनं खातं वापरलं असतं तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून इथेच सांगतो: सर्व्हरने दोन्ही पद्धती पुढे केल्या असत्या तर? तरीही अडलंच असतं. पद्धतींची यादी सर्व्हर आधी पाठवतो. समोर कोण आहे हे त्याला कळतं ते क्लायंटने पद्धत निवडून पहिला संदेश पाठवल्यावर. क्लायंट शहाणा असेल तर यादीतली सगळ्यात बळकट पद्धतच उचलणार, आणि जुन्या नोंदीवाला नेमका तिथेच आपटणार.

मागे फिरणं सोपं नव्हतं

कारण सापडलं त्या क्षणी खोलीतून एकच सूर निघाला: ती ओळ परत एसएचए-१ करा. पण आता सकाळच्या मेलचा दुसरा परिणाम समोर आला. रीसेट केलेल्यांच्या नोंदी एसएचए-२५६ च्या झाल्या होत्या. ओळ आहे तशी ठेवली तर जुने बाहेर, उलटवली तर रीसेटवाले बाहेर. आगीतून फुफाट्यात.

गुरुवार रात्रीच्या, अपडेटआधीच्या पूर्ण प्रतीवर अख्खा सर्व्हरच मागे न्या, असंही सुचवलं गेलं. मी त्याला ठाम विरोध केला. दिवसभराचे संदेश गेले असते ते एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या उणिवा बुजवायला अपडेट चढवलं त्या पुन्हा उघड्या पडल्या असत्या. दोष अपडेटचा नव्हता. दोष त्याच्या आडून आम्ही घुसवलेल्या एका ओळीचा होता.

तात्पुरतं फक्त ‘प्लेन’ ठेवायचं, हा तिसरा मार्ग. त्याने जवळपास सगळे आत आले असते. पण मग प्रत्येकाचा पासवर्ड सर्व्हरच्या स्मृतीतून उघडा फिरला असता, आणि घाईत केलेलं ‘तात्पुरतं’ किती वर्षं राहतं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेवटी असं केलं. ती ओळ परत एसएचए-१ वर आणली. तक्त्यातल्या ४४ अक्षरांच्या नोंदी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी गुरुवार रात्रीच्या बॅकअपमधल्या त्याच खात्यांच्या जुन्या नोंदी बसवल्या. म्हणजे सगळ्यांचा आदल्या दिवशीचा पासवर्ड पुन्हा जिवंत झाला. मात्र हे सरसकट करण्यासारखं नव्हतं. ज्यांना आपला जुना पासवर्ड फुटल्याचा खरोखर संशय होता, त्यांचा तोच पासवर्ड परत चालू करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. म्हणून रीसेट केलेल्या प्रत्येकाला विचारलं, आणि ज्यांनी तसं सांगितलं त्यांना ओळख पटवून नवा पासवर्ड दिला.

एसएचए-१ कडे परतणं धोक्याचं नाही का, हा प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये सीडब्ल्यूआय ही डच संशोधन संस्था आणि गुगल यांच्या संशोधकांनी एसएचए-१ चा प्रत्यक्ष टकराव दाखवला: दोन वेगळ्या फाइली, एकच हॅश. सह्या आणि प्रमाणपत्रांसाठी तो निकालच होता. पण स्क्रॅममध्ये एसएचए-१ एचमॅकच्या (गुप्त किल्ली मिसळून हॅश काढण्याच्या रीतीच्या) आत वापरला जातो, आणि तिथली सुरक्षितता टकराव न होण्यावर उभी नाही. तक्ता चोरीला गेलाच तर किती आवर्तनं आहेत आणि पासवर्ड किती ओळखण्यासारखा आहे, यानेच जास्त फरक पडतो. एसएचए-२५६ कडे जायचंच होतं, पण एका रात्रीत जाण्याची निकड नव्हती.

दुपारी तीनपर्यंत बहुतेक सगळे आत आले. उरले ते काही जण, ज्यांच्या ॲपने एक चांगली सवय पाळली होती: एकदा बळकट पद्धतीने लॉगिन झालं की ते लक्षात ठेवायचं आणि पुढे सर्व्हर कमी बळकट पद्धत पुढे करू लागला तर हल्ला समजून थांबायचं. सकाळी एसएचए-२५६ ने आत गेलेल्यांना आता ही सूचना दिसू लागली. ॲपने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या दृष्टीने आम्ही खरंच हल्लेखोरासारखे वागलो होतो. काहींना खातं ॲपमधून काढून पुन्हा जोडावं लागलं. ओमेमो एन्क्रिप्शन (संदेश फक्त बोलणाऱ्यांनाच वाचता येतील असं) वापरणाऱ्यांना त्यासोबत नव्या किल्ल्या मिळाल्या, आणि समोरच्यांना त्या पुन्हा पडताळाव्या लागल्या. त्यांचा वेळ आमच्यामुळे गेला.

पुढे एसएचए-२५६ कसं आणलं

काही महिन्यांनी, आणि उलट्या क्रमाने. सर्व्हरच्या नंतरच्या आवृत्तीत एका खात्यासाठी दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवण्याची सोय होती. ती आधी चालू केली, पण यादीत फक्त एसएचए-१ च ठेवली. कुणीही आपल्या नेहमीच्या कारणाने पासवर्ड बदलला की दोन्ही किल्ल्या तयार होत. ज्यांनी बदललाच नाही त्यांना ठरलेल्या तारखेआधी विनंती केली, कारण सांगून. तक्त्यात फक्त आखूड ओळ असलेली किती खाती उरली, हा आकडा दर सोमवारी बघत होतो. तो शून्यावर आला, तेव्हाच सर्व्हरने यादीत एसएचए-२५६ पुढे करायला सुरुवात केली. त्या दिवशी एकही तक्रार आली नाही.

चाचणीची रीतही बदलली. आता तीन खाती कायम ठेवलेली आहेत: एक कित्येक वर्षांपूर्वी उघडलेलं आणि पासवर्ड कधीच न बदललेलं, एक अलीकडचं, आणि एक प्रत्येक वेळी नवं. देखरेख करणारा बॉट ‘प्लेन’ ने न येता फोनवरचं ॲप येतं त्याच पद्धतीने येतो. आणि हेल्पडेस्कला एक सूचना लिहून दिली आहे: एका तासात तीन वेगवेगळ्या माणसांनी ‘पासवर्ड चालत नाही’ म्हटलं तर चौथ्याला रीसेट करायला सांगू नका, आम्हाला फोन करा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना दुसरा मेल गेला. त्यात काय बिघडलं ते साध्या शब्दांत लिहिलं होतं, कुणीही आत शिरलं नव्हतं हे लिहिलं होतं, आणि पहिल्याच ओळीत हे होतं: तुमचा पासवर्ड सकाळपासून बरोबरच होता, चूक आमची होती.